अंगावरचं पित्त आणि पोटातलं पित्त

वैद्यताई, नमस्कार. वय ३४, वसमत तालुक्यातल्या खेड्यात राहते. घरी हळद आणि सोयाबीन. अकरा महिने झाले, रोज दिवेलागणीला अंगावर पित्त उठायलंय. परकराच्या नाडीखाली, बांगड्यांखाली, मांड्यांवर. सकाळी काहीच दिसत नाही, म्हणून कुणाला खरं वाटत नाही. मेडिकलवरची गोळी घेतली की उतरतं, पण ती घेतली की दिवसभर झोप येते, अन् लोक म्हणतात रोज घेतली तर गरम पडते, किडनी जाते. नांदेडला रक्ताची अ‍ॅलर्जीची तपासणी केली, सहा हजार गेले. रिपोर्टात चौदा पदार्थ निघाले: तूर, शेंगदाणा, वांगं, लिंबू, असं सगळं. ते सोडून चार महिने झाले, पित्त आहे तिथंच. मग नात्यातल्या एकांनी बाजाराच्या दिवशी बसणाऱ्या एका माणसाची आयुर्वेदिक पुडी आणून दिली. चौथ्या दिवशी अंग लख्ख झालं! तीन महिने घेतेय. भूक लई लागते, सहा किलो वजन वाढलं, तोंड सुजल्यासारखं गोल दिसतंय. दोन दिवस पुडी चुकली तर दुपटीनं उठलं. सासूबाई घोंगडी पांघरायला लावतात, अन् लेकीला लागेल म्हणून तिला माझ्याजवळ झोपू देत नाहीत. गोळी कायमची बंद करून पूर्ण आयुर्वेद करावं म्हणते. हरिद्राखंड चालेल का? पंचकर्म करू का?
— एक वाचक, जि. हिंगोली

ताई,

तुम्ही शेवटी हरिद्राखंडाचं विचारलंत, पण मला आधी पुडीवर बोलायचंय.

चार दिवसांत अंग लख्ख, वखवखल्यासारखी भूक, सहा किलो वजन, गोल चेहरा, आणि पुडी चुकली की दुपटीनं उसळी. मी पंचवीस वर्षं परभणीत काढे उकळतेय, कुठल्याही काढ्यानं किंवा चूर्णानं असं झालेलं मी पाहिलेलं नाही. ही चाल स्टेरॉइडची आहे. बिनलेबलच्या पुडीत आधुनिक स्टेरॉइडची गोळी कुटून घालायची आणि वर 'जडीबुटी' म्हणायचं, हा धंदा जुना आहे. माझं शास्त्र त्यात बदनाम होतं म्हणून मी चिडलेय, हे कबूल करते. पण तुम्हाला सांगायचं ते चिडून नाही, सावधपणे सांगतेय: पुडी आज एकदम फेकून देऊ नका.

विचित्र वाटेल, पण कारण ऐका. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. शरीराला रोज लागणारं स्टेरॉइड त्या स्वतः तयार करतात. बाहेरून तीन महिने आयतं मिळालं की त्या आळसावतात. अशात बाहेरचं अचानक तोडलं तर हातपाय गळणं, चक्कर, उलट्या, रक्तदाब कोसळणं असं काहीही होऊ शकतं. तेव्हा याच आठवड्यात नांदेडला जा. वसमतहून बस आहेच, आणि विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्यासाठी पुरेसं आहे. मेडिसिनच्या ओपीडीत पुडी सोबत न्या, ती लपवू नका. "तीन महिने हे घेतलंय, यात स्टेरॉइड असावं असं वाटतंय," एवढं वाक्य बोला. ते साखर, रक्तदाब आणि सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे या ग्रंथींचं स्वतःचं स्टेरॉइड, तपासतील आणि मोजून-मापून उतरवत नेतील. मध्येच उलट्या, ग्लानी असं काही झालं तर वाट न बघता दवाखाना गाठा आणि तिथंही हेच वाक्य बोला.

आता मूळ दुखण्याकडे येऊ.

या आजाराचा निम्मा घोळ त्याच्या नावानं केलाय. आपण त्याला 'पित्त' म्हणतो. पित्त म्हटलं की घशाशी येणारं, छातीत जळजळणारं, ते आठवतं. मग माणूस सकाळी उपाशीपोटी अ‍ॅसिडिटीची गोळी घेतो, ताटातलं तिखट काढतो, मग आंबट, मग तेलकट, शेवटी तुरीचं वरणही. पोटातलं आम्ल आणि कातडीवरच्या गांधी यांचा असा सरळ संबंध नाही. कातडीत मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात, त्यांच्या पोटात हिस्टामिन साठवलेलं असतं. त्या चिथावल्या गेल्या की हिस्टामिन बाहेर सांडतं, बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, कातडी फुगते, खाज सुटते. सहा आठवड्यांहून जास्त चाललं की त्याला जुनाट म्हणायचं. जुनाट प्रकारात बहुतेक वेळा बाहेरचा गुन्हेगार सापडतच नाही. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच या पेशींना डिवचत असते.

गंमत म्हणजे आमच्या ग्रंथांनीही याला निव्वळ पित्त म्हटलेलं नाही. माधवनिदान या जुन्या ग्रंथात शीतपित्ताचं, म्हणजे याच आजाराचं, वर्णन आहे: गार वाऱ्याच्या संपर्कानं कफ आणि वात बिघडतात, मग पित्ताला सोबत घेऊन आत-बाहेर पसरतात. म्हणजे तिथं पित्त हा सोबती आहे, म्होरक्या नाही. सूज कशी, तर वरटी चावल्यासारखी. वरटी म्हणजे गांधीलमाशी, आणि आपल्या मराठीतही गांधी नि गांधीलमाशी शेजारी-शेजारीच बसतात. त्याच प्रकरणात उदर्द आणि कोठ असे भाऊबंदही दिलेत. उदर्द कफाचा, थंडीच्या दिवसांतला. कोठ येतो आणि झटकन जातो. इतकी बारीक वाटणी करणाऱ्या शास्त्राचं नाव घेऊन आपण सगळ्यांना एकच पुडी देतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

आता घरीच करायच्या दोन गोष्टी. एक गांध उठली की तिच्याभोवती बॉलपेननं गोल काढा, वेळ लिहा, मोबाइलवर फोटो काढा. चोवीस तासांच्या आत ती गांध डाग न ठेवता विरली तर हे साधं शीतपित्त. सकाळी काही दिसत नाही असं तुम्ही लिहिलंत, त्यावरून तसंच वाटतंय. दुसऱ्या दिवशीही तिथंच असेल, खाजेपेक्षा दुखत असेल, जाताना निळसर-काळपट खूण ठेवत असेल, तर तो रक्तवाहिन्यांच्या सुजेचा वेगळा आजार असू शकतो. त्यासाठी कातडीचा बारीकसा तुकडा तपासावा लागतो. फोटो मात्र जपून ठेवा. ओपीडीत सकाळी जाल तेव्हा अंग स्वच्छ असणार आणि डॉक्टरांनाही खरं वाटणार नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या पत्रातच दडलीय, परकराची नाडी आणि बांगड्या. गोळी बंद असलेल्या दिवसांत (गोळी चालू असताना खरं कळत नाही) दंडाच्या आतल्या बाजूला काडेपेटीच्या काडीच्या गुलविरहित टोकानं जरा दाबून एक रेघ ओढा. दहा मिनिटांत ती रेघ फुगून वर आली आणि खाजली, तर तुमची कातडी दाबाला आणि घासण्याला चिडणारी आहे. अशा बायका मी खूप पाहिल्यात. कुणी कापूस वेचताना कमरेला ओटी बांधते, कुणी डोक्यावरून भारा आणते, आणि बरोबर तिथंच पट्टे उठतात. उपाय अगदी साधा आहे. गोल नाडीऐवजी बोटभर रुंद पट्टी घालून घ्या, परकर सैल बांधा, बांगड्या मोजक्या ठेवा, आंघोळीला घासणी नको. आणि घोंगडी तर अजिबात नको. सासूबाईंचं पूर्ण चुकतंय असं नाही. ज्याला गार वाऱ्यानं उठतं त्याला ऊब लागतेच, आणि जुन्या लोकांनी तेच पाहून घोंगडी सुचवली असणार. पण तुम्हाला ऊब सुती गोधडीची घ्यायची, लोकरीचं खरखरीत अंगाला लावायचं नाही.

(गारव्यानं उठणाऱ्यांसाठी जाता जाता: अशांनी उन्हाळ्यात विहिरीत उडी मारू नये. सगळं अंग एकदम गार पाण्यात गेलं की हिस्टामिनही एकदम सुटतं, आणि पाण्यातच शुद्ध हरपू शकते. पोहता येतं म्हणून जीव वाचतोच असं नाही.)

चौदा पदार्थांच्या यादीबद्दल. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध प्रतिद्रव्य सापडणं म्हणजे तो पदार्थ तुम्हाला बाधतो असं नव्हे. खरी अन्नाची अ‍ॅलर्जी खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते, आणि दर वेळी दिसते. तुम्ही जन्मभर शेंगदाण्याची चटणी खाल्लीत, काही झालं नाही. चार महिने सोडलीत, तरीही पित्त रोज सहाला हजर. म्हणजे शेंगदाणा सुटला, त्याच्यावरचा आरोप तेवढा राहिला. दर तीन-चार दिवसांनी एकेक पदार्थ ताटात परत आणा. पहिल्यांदा तुरीचं वरण. ज्वारीची भाकरी आणि मूग यावर शेतातली कामं होत नाहीत. पथ्य हवंच असेल तर शिळं, फार आंबवलेलं, दूध आणि फळं एकत्र, दूध आणि मासे एकत्र, एवढं टाळा. आमच्या शास्त्रात तो विरुद्ध आहार आहे आणि तो टाळून कुणाचं काही बिघडत नाही.

त्यापेक्षा मला तुमच्या घरातली गोळ्यांची पिशवी बघायला आवडेल. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक आजोबा आले होते, असंच रोजचं पित्त. मी त्यांना दोन महिने काढा दिला, पथ्य पाळायला लावलं, लोणचं तोडलं, चहा तोडला. ते बिचारे निमूटपणे पाळत होते. एकदा सोबत नात आली, तिनं पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. त्यात गुडघ्यासाठी रोज सकाळ-संध्याकाळ घेतलेली वेदनाशामक गोळी! ती मी विचारलीच नव्हती, आणि आजोबांच्या लेखी ती 'औषध' नव्हती, ती 'गुडघ्याची' होती. ती थांबवल्यावर गांधी बऱ्याच ओसरल्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन या घराण्यातल्या गोळ्या काही रुग्णांत हा आजार चाळवतात. सुश्रुतानं चिकित्सेचं सार सांगितलंय ते 'निदानपरिवर्जनम्', कारण टाळा. मी ते पाठ केलं होतं, वापरलं नव्हतं. हळद शिजवायच्या, वाळवायच्या दिवसांत तुमची कंबर धरत असणार. तेव्हा काय घेता ते लिहून काढा आणि डॉक्टरांना दाखवा. ताप-दुखण्याला बहुतेकांना पॅरासिटामॉल चालतं.

तपासण्या फार लागत नाहीत. साधी रक्तगणना, सूज दाखवणारी ईएसआर किंवा सीआरपी, आणि थायरॉइड, त्यातही थायरॉइडविरोधी प्रतिद्रव्यं. जुनाट शीतपित्त आणि थायरॉइड यांची जोडी बायकांमध्ये बऱ्याचदा दिसते. सहा हजारांच्या यादीपेक्षा हे कितीतरी स्वस्त पडलं असतं.

आता गोळी. ती रोज घेतली की 'गरम पडते', किडनी जाते, ही भीती काढून टाका. तुम्हाला झोप आणते ती जुन्या पिढीतली असणार. नव्या पिढीतल्या फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन, लोराटाडिन यांनी झोप फार कमी येते. सेट्रिझिन, लिव्होसेट्रिझिननं काहींना येते. आणि ती पित्त उठल्यावर नाही, उठायच्या आधी, रोज ठरलेल्या वेळी घ्यायची असते. पूर आल्यावर बांध घालून काय उपयोग? एका गोळीनं भागलं नाही तर त्वचारोगतज्ज्ञ मात्रा चौपटीपर्यंत वाढवू शकतात. तुम्ही स्वतःच्या मनानं वाढवू नका. त्यानंही नाही जमलं तर ओमॅलिझुमॅब नावाचं चार आठवड्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन आहे, महाग आहे, पण आहे. मी वैद्य असून हे लिहितेय म्हणून भुवया उंचावू नका. रात्र-रात्र खाजवणाऱ्या बाईला आधी झोप मिळू दे, दोष-दूष्याचा विचार मी नंतर करीन.

हरिद्राखंड. तुमच्या वसमतच्या हळदीची आठवण होईल असं औषध आहे, पण ते हळदीचं चूर्ण नव्हे. भैषज्यरत्नावली या ग्रंथातला पाठ बघा (पल, आढक ही जुनी मापं): हळद ८ पल, तूप ६ पल, दूध एक आढक आणि खडीसाखर ५० पल. शिवाय त्रिकटू, त्रिफळा, वावडिंग, नागरमोथा, लोहभस्म आणि निशोत्तर. निशोत्तर सौम्य रेचक आहे, म्हणून काहींना त्यानं पोट साफ होतं आणि खाजही कमी वाटते. पण साखर हळदीच्या सहापट! पुडीनं तुमची साखर वाढलीय की नाही हे कळेपर्यंत हरिद्राखंड थांबवा. साखर ठीक निघाली तर तज्ज्ञ वैद्याच्या सल्ल्यानं, गोळीच्या जोडीनं घ्यायला माझी ना नाही. मी देते, आणि काहींना फरक पडतो. पण मोठ्या, काटेकोर चाचण्यांचं पाठबळ त्याच्यामागे फार थोडं आहे, हेही मी प्रत्येकाला सांगते.

आणखी एक कोडं आहे. हा आजार बऱ्याच जणांत एक ते पाच वर्षांत आपसूक शमतो. त्यामुळे शमायच्या वेळी जे चालू असेल त्याला श्रेय मिळतं. कुणाला काढ्यानं गुण आला, कुणाला नवसानं, कुणाला गाव बदलल्यानं. "मला अमक्यानं कायमचं बरं झालं" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं की ऐकून घ्या, खोटं ते बोलत नाहीत, पण तेवढ्यावर औषध बदलू नका.

गुळवेल कुणी सुचवली असेल तर तीही सध्या नको. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेल उकळली गेली, तेव्हा मुंबईतल्या डॉक्टरांनी काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद बाजूला ठेवते, पण थायरॉइडसारखा प्रतिकारशक्तीचा आजार असू शकतो अशा बाईला मी यकृत न तपासता महिनोन्‌महिने गुळवेल देत नाही. आरोग्यवर्धिनीही दुकानातून आपल्या मनानं आणू नका. त्यात पारा-गंधकाची कज्जली आणि ताम्रभस्म असतं. सोमल, हरताळ, वचनाग, कुचला यांसारखी विषारी द्रव्यं असलेल्या औषधांवर 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे' असा इशारा छापायचा नियम आहे. १९४५ च्या औषध नियमांत त्यांची वेगळी अनुसूचीच आहे. ज्या पुडीवर काहीच छापलेलं नसतं, तिथं कसला इशारा न्‌ कसली अनुसूची.

पंचकर्माचं म्हणाल तर शीतपित्तात वमन-विरेचन, म्हणजे औषधानं उलटी आणि जुलाब करवणं, सांगितलंय, खरंय. पण आधी काही दिवस औषधी तूप पचवायचं, मग शेक, मग शोधन, आणि नंतर पेजेपासून चढत जाणारा आहार, हे सगळं अंगात बळ असलेल्या माणसाला. स्टेरॉइडनं ज्या ग्रंथी झोपवल्यात, अशा अवस्थेत तुम्हाला वमन दिलं तर मीच गुन्हेगार ठरेन. पुडी पूर्ण उतरली, तब्येत स्थिरावली की नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात दाखवा, विष्णुपुरीचे कागद सोबत न्या. तोवर "एकच जुलाब देतो, सगळं पित्त खाली पडेल" म्हणणाऱ्यापासून दूर राहा. त्या जुलाबात बहुधा जमालगोटा असतो.

वरून लावायला आमसूल भिजवून कोळलेलं पाणी लावा, थंडाव्यानं खाज थोडी दबते. गेरूही चालतो, कपडे खराब होतात इतकंच. पण वर सांगितलेल्या काडीची रेघ फुगली असेल तर चोळू नका, नुसतं टिपा.

ओठ, जीभ किंवा पापण्या सुजल्या, आवाज बसला, दम लागला, पित्तासोबत चक्कर आणि उलटी झाली, तर आमसूल बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. तिथं अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं, त्याला काढा पर्याय नाही. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, कारण त्या वेळी बोलायला तुम्हाला कदाचित जमणार नाही.

आणि लेक. हा आजार शिवल्यानं, एका अंथरुणात झोपल्यानं, उष्टं खाल्ल्यानं कुणाला लागत नाही. सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवा, वैद्यबाईंनी स्वतः लिहिलंय म्हणावं. लेकीला आज रात्रीपासून जवळ घ्या. आणि ती पेनानं गांधींभोवती गोल काढायला मागेल, तर काढू द्या, फक्त वेळ लिहायला लावा.